नवे म्हणून विकलेले रिमोल्ड टायर: पिकअपवाल्यांनो, सावध राहा

रावेर-यावल पट्ट्यात पिकअप चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला टायर. ज्याने मला फसवलं त्याचं दुकान आजही सुरू आहे आणि गिऱ्हाईक रोज येतंय.

माझी गाडी केळीची. बांधावरून माल उचलायचा, काळ्या मातीतून बाहेर काढायचा आणि पुढे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने डांबरावर पळायचं. साधे टायर पहिल्या पावसातच जागच्या जागी फिरतात, म्हणून ऑल-टेरेन, म्हणजे चिखल आणि डांबर दोन्हीवर चालणारे टायर घ्यायचे ठरवले. जळगावजवळ हायवेवरच्या एका दुकानदाराने "कंपनीचा लॉट आलाय भाऊ, संपला की संपला" म्हणत चार टायर २६ हजारांत दिले. नक्षी खोल, रबराचे बारीक केस तसेच, अंगावर चकाकी. पांढरी अक्षरं बाहेर दिसतील असे बसवूनही दिले. बिल म्हणून वहीतला एक कागद, त्यावर 'टायर ४ नग' आणि रक्कम. पक्कं बिल मागितलं तर म्हणे भाव वाढेल.

मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, चोपड्याकडून भरून येत होतो. मागून धडधड ऐकू आली. उतरून पाहिलं तर डाव्या टायरच्या नक्षीचा हातभर पट्टा सुटून मडगार्डवर आपटत होता आणि त्याखाली जुनाट, गुळगुळीत रबर. यावलच्या पंक्चरवाल्या चाचांनी टायर रिमवरून उतरवला आणि माझं बोट धरून टायरच्या खांद्यावरून फिरवलं. नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे गोल फिरलेली बारीक शिवण लागते. आतून दोन जुने पॅच. आणि गाडीकडे असलेल्या बाजूच्या भिंतीवर चार आकडे: २३१७, म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. हा आकडा बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतो. नेमकी तीच बाजू आत करून टायर बसवले होते, पांढऱ्या अक्षरांचं निमित्त आयतंच होतं. बाकीचे उतरवले तर दोघांवरचा आकडा घासून टाकलेला.

केस दिसले म्हणजे टायर नवा, असं धरू नका. गरम साच्यातून निघालेल्या रिमोल्डलाही केस असतात. रिमोल्डचा धंदा वाईट आहे असंही माझं म्हणणं नाही. ट्रकवाले उघडपणे, कमी पैशांत ते वापरतात. पण जुन्या सांगाड्यावर रबर चढवून नव्याच्या भावाने विकणं म्हणजे ड्रायव्हरच्या जिवाशी खेळ आहे.

त्याहून गंभीर गोष्ट भाराची. मापाच्या पुढे १००एस लिहिलं होतं, त्यातला एस वेगाचा. १०० हा भारांक म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो. मागच्या दोन चाकांवर मिळून १६००, त्यातच गाडीचं स्वतःचं वजनही आलं. हे एसयूव्हीचे टायर, मालाच्या गाडीला कसे पुरणार? ११२ भारांकाचा टायर ११२० किलो पेलतो. कंपनीने गाडीच्या पुस्तिकेत जो भारांक दिलाय, त्याखालचा टायर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका.

परत गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुम्ही ओव्हरलोड केलं, टायरची काय गॅरंटी?" कागदावर ना जीएसटी नंबर, ना टायरचा नंबर, त्यामुळे त्याला बोलायला रान मोकळं. तरी पैसे फोनवरून दिले होते, त्याची नोंद आहे, टायरांचे फोटो आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. कोणाकडे त्याच हायवेवरच्या दुकानाचा असा कच्चा कागद असेल तर टायर भंगारात देऊ नका. आधी रिमवरून उतरवून आतून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा, चारही आकडे स्पष्ट येऊ द्या.

आणि नवे घेताना टायर रिमवर चढायच्या आधी दोन्ही बाजू स्वतः उजेडात बघा. माप, भारांक, तारखेचे आकडे आणि प्रत्येक टायरचा नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या. दुकानदार लिहायला नाही म्हणाला, तर तिथूनच गाडी वळवा.