हिशोब संगणकात ठेवावा की क्लाउडवर? दोन राज्यांत पाय असलेल्यांसाठी

माझं बेअरिंग आणि कटिंग टूल्सचं दुकान बेळगावच्या उद्यमबागेत आहे, गोदाम महाराष्ट्रातल्या शिनोळीला. नकाशावर जवळजवळ शेजारी, पण मधून राज्याची हद्द जाते. जीएसटी क्रमांक दोन, एक कर्नाटकचा, २९ ने सुरू होणारा, दुसरा महाराष्ट्राचा, २७ ने. तुमचा पसारा असाच असेल आणि संगणकावरचं हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर ठेवायचं की क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, जायचं या विचारात असाल, तर माझा अनुभव कामी येईल.

बिलं, स्टॉक, उधारी, रिटर्नची आकडेवारी हे दोन्ही पद्धतींत नीट होतं. राज्यातल्या विक्रीवरचा सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा की दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा आयजीएसटी, हेही दोन्हींत पत्ता बघून आपोआप ठरतं. त्यावर वेळ घालवू नका.

खरी गोम आहे आपल्याच मालाच्या आपल्याच गोदामात जाण्यात. मालक एक, पॅन एक, तरी दोन राज्यांतल्या नोंदण्या कायद्याला दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. म्हणून उद्यमबागेतून शिनोळीला पेटी गेली तरी आयजीएसटी लावून बिल फाडावं लागतं, किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिलही, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद. इकडे ती विक्री, तिकडे खरेदी.

संगणकावरच्या पद्धतीत आमची दोन ठिकाणं म्हणजे दोन संगणक आणि दोन डेटा. इकडे बिल झालं तरी तिकडे कुणी खरेदी चढवेपर्यंत तो माल कागदावर नसायचाच. गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून फोन यायचा, अमुक नंबरचं बेअरिंग आहे का? गोदामातला मुलगा स्क्रीन बघून नाही म्हणायचा आणि बेअरिंग त्याच्या पाठीमागच्या रॅकवर असायचं. गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. मग बॅकअप पेन ड्राइव्हवर घालून गाडीबरोबर पाठवायचा, आणि संध्याकाळी प्रश्न उभा राहायचा की नवा डेटा कुठला, पेन ड्राइव्हवरचा की संगणकातला. दुरून जोडून काम करायची सोयही वापरून पाहिली. थोडा आराम पडला, पण उद्यमबागेत करंट गेला की शिनोळीचं कामही थांबायचं. इथे कंपनीचं नाव घेत नाही, कारण खोट त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. वही एका जागी आणि धंदा दोन जागी, ही अडचण होती.

क्लाउडवर गेल्यावर वही एकच राहिली. इकडे बिल होतं, तिकडचा मुलगा मोबाइलवर ते बघतो, गाडी उतरवून घेतो आणि लगेच खरेदी चढवतो. कोल्हापूरचे आमचे सीए त्यांच्या ऑफिसात बसून तेच आकडे बघतात. महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेची जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० तारखेची ३बी (कर भरायचं रिटर्न) चुकवून चालत नाही. त्या दिवसांत 'बॅकअप पाठवा' हा फोन येत नाही, हे सुख मला फार मोठं वाटतं.

तरी दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्या. संगणकावरचं हिशोबाचं सॉफ्टवेअर म्हणजे बेंगळुरूची टॅली, १९८६ पासूनची. बेळगावात हिशोब लिहिणाऱ्यांची बोटं एफ८ ला विक्री, एफ९ ला खरेदी अशी चालतात, माउसला हात लागत नाही. ब्राउझरमध्ये तो वेग मला तरी दिसलेला नाही. काउंटरवर दिवसभर रांग असेल तर हा फरक तुम्हाला जाणवेल. आणि आपल्याकडचा पावसाळा! केबल तुटली की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवावं लागतं. भागतं, पण चिडचिड होते. नवीन सॉफ्टवेअर येणारा माणूस मिळायलाही वेळ लागतो. आमच्याकडे जुन्याच माणसाला शिकवलं, तो आता मागे जायला तयार नाही.

पैशाचं म्हणाल तर क्लाउडची वर्गणी दर वर्षी आहे आणि माणसं वाढली की वाढते. घेण्याआधी दोन गोष्टी विक्रेत्याकडून लिहून घ्या. दोन जीएसटी क्रमांक एकाच खात्यात बसतात की दोन वर्गण्या लागतात? आणि वर्गणी बंद केली तर सगळा डेटा कुठल्या रूपात हातात मिळतो? जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, तेव्हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवला जातो का, हेही विचारा.

खडेबाजारात एकच दुकान, एकच क्रमांक, मालक स्वतः गल्ल्यावर, अशांना मी बदला असं म्हणणार नाही. हद्दीच्या दोन्ही बाजूंना माल असेल तर मात्र माझ्या मते क्लाउडच बरं. बदल १ एप्रिललाच करा, मार्चअखेर दोन्हीकडचा स्टॉक हाताने मोजून घ्या, आणि जुना संगणक लगेच विकू नका. मागच्या वर्षांचे प्रश्न आले तर उत्तरं त्यातच सापडतील.