केप्रोब की ट्रेसपॉइंट: पॅच तपासणाऱ्याच्या नजरेतून

चालू लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत काय चाललंय हे बघायच्या या दोन सोयी. केप्रोब २००४ साली आले, ट्रेसपॉइंट २००८ मध्ये. पहिला चोरवाटेने शिरतो, दुसऱ्यासाठी दरवाजा आधीच बसवलेला असतो.

एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर ज्या सूचनेवर केप्रोब लावला, तिचा पहिला बाइट बदलून तिथे ०एक्ससीसी, म्हणजे प्रोसेसरला थांबवणारा ब्रेकपॉइंट, बसतो. जवळजवळ कुठलंही फंक्शन पकडता येतं. पण ते फंक्शन त्याच नावाने पुढेही राहील याची हमी कोणी देत नाही. ब्लॉक लेयरमधलं, म्हणजे डिस्कची कामं सांभाळणाऱ्या भागातलं, 'बीएलके_अकाउंट_आयओ_स्टार्ट' इनलाइन झालं, म्हणजे वेगळं फंक्शन न राहता बोलावणाऱ्याच्या कोडमध्येच मिसळलं, आणि त्यावर केप्रोब लावून डिस्कचा वेग मोजणारी बीसीसी या ट्रेसिंग-संचातली साधनं गळपटली. तो पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासणाऱ्याचं काय चुकलं? माझ्या मते काहीच नाही.

ट्रेसपॉइंटचं तसं नाही. बंद असताना तिथे फक्त एक नॉप, म्हणजे काहीच न करणारी सूचना, असतो, म्हणून स्वस्त. पण एकदा आत घेतला की जावयासारखा सांभाळावा लागतो. कर्नल ५.१८ च्या वेळी 'शेड_स्विच' या ट्रेसपॉइंटमध्ये 'प्रीव्ह_स्टेट' हा नवा आर्ग्युमेंट (सोबत पाठवलेली माहिती) यादीच्या मधोमध घुसवला. कर्नल बिनतक्रार कंपाइल झालं, पण आर्ग्युमेंट क्रमाने वाचणारे बीपीएफ प्रोग्रॅम (कर्नलच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम) एक घर चुकले. शेवटी तो यादीच्या टोकाला हलवावा लागला. असा पॅच आला की मी आधी क्रम बघतो, लॉजिक नंतर.

एका रात्रीपुरता बग शोधायचा असेल तर केप्रोब, बिनधास्त. वर्षभर चालणाऱ्या मॉनिटरिंगला ट्रेसपॉइंटच. मात्र कोणी नवा ट्रेसपॉइंट घालायला आला, तर तो कोण वापरणार हे विचारल्याशिवाय मी पॅच पुढे सोडत नाही.