मराठीतील ए.ए. सभा: घरच्यांच्या नजरेतून एक अभिप्राय

दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजेच ए.ए., विनामूल्य सभा भरवते, हे महाराष्ट्रात अनेकांनी ऐकलेले असते. पण घरातील माणूस एकदाचा ‘येतो’ म्हणाल्यावर आज संध्याकाळी त्याला नेमके कुठे न्यायचे, हे मात्र ऐनवेळी कोणालाच सांगता येत नाही. माझ्या थोरल्या भावासाठी पुण्यात अशी सभा शोधताना जे कळले, ते त्याच पेचात सापडलेल्या कुटुंबांसाठी लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे केवळ छापील यादीवर विसंबू नये. समूह बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या दालनात किंवा एखाद्या समाजमंदिरात भरतात आणि जागा मागून घेतलेली असल्याने परीक्षा, सण किंवा दुरुस्तीचे काम निघाले की वेळ किंवा ठिकाण बदलते. दारू सोडायला निघालेला माणूस बंद फाटकासमोरून परत फिरला, तर त्याला पुन्हा तयार करणे किती अवघड असते, हे घरच्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून आधी ए.ए.च्या स्थानिक क्रमांकावर फोन करावा. पलीकडे पगारी कर्मचारी नसतो, स्वतः दारू सोडलेला सदस्यच असतो. मी दादाची सगळी हकिगत सांगून झाल्यावर त्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, “ताई, तुमचं म्हणणं कळलं, पण त्यांचं काय म्हणणं आहे? त्यांनाच द्या ना फोन.” किती पितोस, नोकरी आहे का, असे काहीही न विचारता ते दादाशी स्वतःच्याच पिण्याबद्दल बोलले आणि सभेआधी फाटकापाशी उभा राहतो, असे त्यांनी कबूल केले. या सेवेचे खरे मोल मला त्या फोनमध्ये दिसले, कारण आम्ही घरच्यांनी वर्षानुवर्षे समजावून जे साधले नव्हते, ते त्याच वाटेने गेलेल्या एका अनोळखी माणसाला काही मिनिटांत साधले.

फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, सभा खुली आहे की बंद. खुल्या सभेला नातेवाईक बसू शकतात, बंद सभा मात्र फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. दुसरी, भाषा कोणती. पुण्या-मुंबईत मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा वेगवेगळ्या सभा भरतात. कचेरीत इंग्रजी सहज बोलणाऱ्या माणसालाही बायकोचे दागिने गहाण टाकल्याची गोष्ट त्या भाषेत सांगता येईलच असे नाही, म्हणून सभा थोडी लांब पडली तरी आपल्या भाषेतली निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही गेलो ती सभा खुली होती. लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेली मोठी माणसे, भिंतीवर बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी ए.ए.ने सांगितलेल्या बारा टप्प्यांचा फलक आणि चहा. बोलणारा नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो, सगळे त्याला नमस्कार करतात आणि त्याचे शेअरिंग संपेपर्यंत कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरली तेव्हा शेजारच्या काकांनी दादाचा खिशाकडे गेलेला हात हलकेच धरला आणि म्हणाले, “आज नाही. आज तुम्ही आमचे पाहुणे.” नोंदणी नाही, फी नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे आणि बाहेरच्या देणग्या घेतल्या जात नाहीत. 1935 साली अमेरिकेत अॅक्रन येथे सुरू झालेली आणि 1957 पासून भारतात असलेली ही चळवळ अशी सदस्यांच्याच वर्गणीवर चालते.

तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. सभा म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हेत. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. त्यामुळे आधी डॉक्टरांना दाखवावे आणि गरज असेल तर व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करावे. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून हे काम करत आहे. उपचारांनंतर घरी आल्यावर जी रिकामी संध्याकाळ समोर उभी राहते, तिच्यासाठी सभा आहेत. बारा पायऱ्यांतील ईश्वराचा उल्लेख काहींना खटकतो. तो प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे घ्यावा, असे तिथे सांगतात आणि दादासारख्या नास्तिकाला कोणी अडवले नाही. स्त्रिया मात्र फारच कमी दिसल्या. एखाद्या बाईला यायचे असेल, तर त्या समूहात स्त्री-सदस्य आहे का, हे फोनवरच विचारावे.

एका सभेवरून मत बनवू नये, कारण प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा असतो; दादाचे मन दुसऱ्या समूहात रमले. घरच्यांसाठी अल-अॅनॉन ही स्वतंत्र संघटना आहे आणि दादा जावो न जावो, वहिनींनी तिथे जायला हवे होते, हे मला आता पटले आहे. त्या आता नेमाने जातात. ज्यांच्या गावात जवळपास समूह नाही, त्यांनी ऑनलाइन सभांची चौकशी करावी. केंद्र सरकारची 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइनही निःशुल्क आहे.