थुंकीचा ग्लास आणि 35,638 रुपये

पोटात वाढलेले यीस्ट आहाराने आटोक्यात आणून देतो, असे सांगून गेल्या वर्षी चार महिन्यांत माझ्याकडून 35,638 रुपये उकळण्यात आले. जाहिरात, 499 रुपयांचा सल्ला आणि ‘आजच नोंदणी केली तर सवलत’ हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो सांगत बसत नाही. पतसंस्थेत कर्जदारांची कागदपत्रे तपासणारी मी फसले, या लाजेपोटी इतके दिवस गप्प राहिले.

माझी बाजूही समजून घ्या. थकवा, पोटफुगी आणि जिभेची आग या तक्रारी घेऊन मी दोन डॉक्टरांकडे गेले होते आणि दोघांनीही रक्ततपासणी न करताच ‘ताण घेऊ नका’ म्हणून मला वाटेला लावले होते. ही आहारयोजना विकणाऱ्या बाईंनी पन्नास मिनिटे माझे ऐकून घेतले आणि तेवढ्यावरच मी विरघळले.

त्यांची चाचणी अशी होती : सकाळी चूळ भरण्याआधी पाण्याच्या ग्लासात थुंकायचे आणि पंधरा मिनिटांत लाळेचे धागे खाली उतरले, तर कॅन्डिडा, म्हणजे पोटातली यीस्ट प्रकारची बुरशी, वाढला आहे असे समजायचे. माझ्या ग्लासात धागे उतरले. मी आहारयोजनेचे 14,999 आणि गोळ्यांचे 8,640 रुपये भरले. दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा ग्लास पाहून माझ्या नऊ वर्षांच्या मुलानेही गंमत म्हणून दुसऱ्या ग्लासात थुंकले, तर त्यातही अगदी तसेच पांढरे धागे तळाकडे सरकू लागले. दिवसभर मैदानावर धावणारे, कधी सर्दीनेही न झोपणारे ते पोर माझ्यासमोर उभे होते. कुणाचीही लाळ पाण्यात अशी उतरू शकते, हे मला त्या क्षणी दिसायला हवे होते. मी मात्र त्या ग्लासाचा फोटो बाईंना पाठवला. “ताई, मुलालाही लागण आहे, फॅमिली पॅकेज घ्या,” असे उत्तर आले आणि दहा मिनिटांत मी आणखी 11,500 रुपये पाठवले.

साखर, गूळ, फळे, दूध, दही, ताक, इडली, ढोकळा सगळे बंद झाले. तिसऱ्या आठवड्यात चक्कर येऊ लागली, तेव्हा ‘हा डाय-ऑफ आहे, बुरशी मरते आहे’ असे सांगण्यात आले. प्रकृती बिघडणे हीच सुधारणेची खूण आहे, असे कुणी सांगितले तर पुढचा हप्ता भरू नका, रक्त तपासून घ्या. मी ते चौथ्या महिन्यात केले आणि बी-12 जीवनसत्त्व निघाले 118, म्हणजे फारच कमी. आम्ही शाकाहारी आहोत. दूध-दही हाच आमच्या घरातला बी-12 चा मुख्य आधार, आणि तोच मी पैसे मोजून बंद केला होता. जिभेची आगही त्याच कमतरतेची होती.

नव्या डॉक्टरांनी समजावले की कॅन्डिडा अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात असतोच. प्रतिजैविकांनंतर, अनियंत्रित मधुमेहात किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर खरा संसर्ग होऊ शकतो, पण तो तपासून ठरतो आणि त्यावर बुरशीनाशक औषधे आहेत. सगळ्या दुखण्यांचे खापर यीस्टवर फोडणारी ही कल्पना असिद्ध असल्याचे अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 1986 मध्येच जाहीर केले होते. गोळ्यांच्या बाटलीवरचा अन्न परवाना क्रमांक मी नंतर मोजला, तर 14 अंक हवेत तिथे 12 होते. लोकांचे पॅन क्रमांक रोज अक्षरन् अक्षर ताडून पाहणारी मी, घरातली बाटली उलटी करून पाहिली नव्हती.

पोलीस ठाण्यात “पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” असे विचारून साधा अर्जही घेतला नाही. डॉक्टरांच्या नोंदणीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने सांगितले की त्या बाई डॉक्टरच नाहीत, म्हणून त्यांच्यावर कारवाई आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे पदवी नसणे हेच त्यांचे संरक्षण ठरले! परवान्याची तक्रार घेऊन गेले, तर बाटली ज्या जिल्ह्यातून आली तिथे जा म्हणाले, आणि तिथल्या साहेबांनी तीन फेऱ्यांनंतर पक्के बिल मागितले, जे मला कधी मिळालेच नव्हते. बिलाशिवाय एक रुपयाही देऊ नका, संभाषणे पुसू नका. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे मला एकाही कार्यालयाने सांगितले नाही. वकील मैत्रिणीने सांगितले. तक्रार आता दाखल केली आहे.

माझा मुलगा अजूनही केळे हातात घेतले की आधी विचारतो, “आई, याने पोटात बुरशी होणार नाही ना?”