भाच्याचा फोन शारजाहून आणायचा की जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्यायचा?

धाकटा भाऊ शारजात कामाला आहे. त्याच्या सुट्टीची तारीख ठरली की अमळनेरहून भाच्याचा फोन येतो, "मामा, माले नवा फोन लई येजो." भाची इंजिनिअरिंगला गेली, तिला लॅपटॉप हवा. दादांना भिंतीवरचा मोठा टीव्ही हवा. एप्रिलमध्ये मी स्वतः भावाकडे जाऊन आलो आणि येताना ही यादी माझ्याच बॅगेत आली, म्हणून निघण्याआधी एकेका वस्तूचा हिशोब मांडला. तुमच्याही घरात असाच विचार चालू असेल तर तो उपयोगी पडेल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "गिफ्ट आहे" असं सांगितलं की कस्टमवाले सोडतात, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. प्रवाशाच्या सामानात भेटवस्तूला वेगळी सूट नाही. स्वतःसाठी आणा की भाच्यासाठी, नवी वस्तू एकाच मर्यादेत मोजली जाते. विमानाने परतणाऱ्या भारतीय रहिवाशासाठी 2016 च्या नियमांत ही मर्यादा 50 हजार रुपये होती. फेब्रुवारी 2026 मध्ये नवे नियम आले आणि ती 75 हजार झाली. त्यावरच्या रकमेवर 35 टक्के ड्युटी (आयात कर) आणि समाजकल्याण अधिभार, मिळून 38.5 टक्के लागतात. वापरातले कपडे, हातातला जुना फोन, रोजच्या गोष्टी या हिशोबात धरत नाहीत.

आता लॅपटॉप. यादीतली बाहेरून आणण्यासारखी वस्तू कोणती, असं विचाराल तर मी बेधडक हीच सांगेन. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो आणि तो 75 हजारांच्या बाहेर धरला जातो. म्हणजे लाखाचा लॅपटॉप आणला तरी तुमची 75 हजारांची मर्यादा शाबूत राहते. टॅबलेट मात्र या सवलतीत धरू नका, तो 75 हजारांतच मोजा. दुकानात दोन गोष्टी नीट पाहून घ्या. तिकडच्या बऱ्याच लॅपटॉपच्या बटणांवर इंग्रजीबरोबर अरबी अक्षरं असतात, त्यामुळे फक्त इंग्रजीचा मागून घ्या. आणि तिकडची पिन तीन चपट्या पायांची असते, ती आपल्या बोर्डात बसत नाही. इथली वायर घ्यावी लागते. कंपनीची वॉरंटी भारतात चालते का, हे पैसे देण्याआधी विचारा. भाचीचा लॅपटॉप मी तिकडूनच आणला आणि तो निर्णय चांगला ठरला.

फोनचं गणित थोडं नाजूक आहे. 70 हजारांचा एक फोन आणला तर काहीच भरावं लागत नाही. 85 हजारांचा असेल तर वरच्या 10 हजारांवर 3,850 रुपये. 1 लाख 20 हजारांचा असेल तर 45 हजारांवर 17,325 रुपये, आणि तिथे स्वस्ताईचा मुद्दाच संपतो. नवरा-बायको सोबत आले तर दोघांची मर्यादा जोडून एक महाग फोन सोडवता येत नाही. प्रत्येकाची मर्यादा ज्याची त्याची. 70 हजारांचे दोन फोन दोघांनी आपापल्या नावावर आणले तर मात्र अडचण नाही.

आणि गल्लीतल्या चार जणांचे फोन आपल्या बॅगेत घालून आणू नका, कितीही जवळचे असले तरी. एकसारखी तीन-चार खोकी दिसली की तो व्यापाराचा माल वाटतो. मग तो घरगुती सामान म्हणून धरला जात नाही, आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

फोनमध्ये आणखी एक अडचण आहे, ती दुकानदार आपणहून सांगत नाही. 2025 मध्ये आलेले आयफोन 17 संयुक्त अरब अमिरातीत फक्त ई-सिमवर, म्हणजे आतच बसवलेल्या सिमवर, चालणारे मिळतात. अमेरिकेत तर 2022 च्या आयफोन 14 पासूनच सिमची खाच नाही. तरुण मुलांचं निभावतं, पण सिम काढून दुसऱ्या फोनात टाकायची सवय असलेल्या माणसाला असा फोन देऊ नका.

शारजात व्हॅट (विक्रीवरचा कर) 5 टक्के आहे, आणि फिरायला गेलेल्या पर्यटकाला त्यातला बराचसा विमानतळावर परत मिळू शकतो. आपल्याकडे फोनवर जीएसटी 18 टक्के. म्हणून तिकडे स्वस्त दिसतो, हे खरं. पण गोलाणी मार्केटमध्ये घेतला तर जुना फोन बदलून मिळतो, हप्ते पडतात आणि बिघडला तर घेऊन कुठे जायचं हे माहीत असतं. साध्या, तीस हजारांच्या आतल्या फोनसाठी मी कोणालाही बाहेरून आणायला सांगणार नाही. भाच्याचा फोन आम्ही शेवटी जळगावातच घेतला.

टीव्हीबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. भाऊ पन्नास अंश उन्हात काम करून पैसे साठवतो, आणि ते पैसे ड्युटीत गेलेले बघवत नाहीत. 26 ऑगस्ट 2013 पासून सपाट पडद्याच्या टीव्हीला मोफत मर्यादेचा फायदा मिळत नाही. पहिल्या रुपयापासून 38.5 टक्के. 60 हजारांच्या टीव्हीवर 23,100 रुपये भरायचे, शिवाय विमानातलं भाडं, आणि मग ते खोकं मुंबईहून रेल्वेने आणायचं. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. दादांचा टीव्ही इथेच घ्या, घरी येऊन भिंतीवर लावून देतात.

कुरिअरने पाठवू, असंही भाऊ म्हणाला होता. डिसेंबर 2019 पासून पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून बिनड्युटी वस्तू येणं बंद आहे. राखी आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी सुटतात. बाकी सगळ्यावर पूर्ण ड्युटी. चोपड्याचा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो, त्याला ड्रोन हवा होता. त्याला मी सरळ नाही म्हटलं, कारण फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोन आणायलाच बंदी आहे.

अमेरिकेतून कोणी येत असेल तर मिक्सर, हेअर ड्रायर मागवू नका. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर दोन्हीवर चालतात, पण ही यंत्रं जळतात.

मुंबईला उतरल्यावर मी रेड चॅनलला, म्हणजे आणलेलं सामान कस्टमला सांगायच्या रांगेत, गेलो. मर्यादेबाहेर काहीच नव्हतं, तरी घोकून गेलेलं उत्तर विसरायला होतं, म्हणून विचारूनच पुढे जायचं ठरवलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी बिल मागितलं. खिशातलं बिल काढलं तर घामाने भिजून अक्षरं पार उडालेली, नुसता पांढरा कागद. दुकानाने तेच बिल ई-मेलवर पाठवलं होतं, ते दाखवलं, किंमत पाहिली आणि दहा मिनिटांत सुटलो. बिल नसतं तर किंमत त्यांनी आपल्या अंदाजाने धरली असती. म्हणून दुकानातच बिलाचा फोटो काढा.

जाताना स्वतःचा महाग कॅमेरा नेत असाल तर निघतानाच कस्टमकडून त्याचा दाखला घ्या, म्हणजे परतताना तो नवा समजला जात नाही. पॉवर बँक चेक-इन बॅगेत न टाकता हातातल्या सामानातच ठेवा. 20 हजार एमएएचची साधारण 74 वॉट-तासांची असते, आणि 100 पर्यंत विमानात चालतं.

नंदुरबार-नवापूरच्या लोकांनी सुरतचं विमान जरूर पाहावं. तिथून दुबईची सोय झाली आहे आणि ताप्ती लाइनच्या रेल्वेने गाठायला सोपं आहे. कस्टमचे नियम तिथेही हेच.