आगवळ, सुती दोरा आणि नातीचे केस : फतेहगंजमधील एका सेवेविषयी

माझ्या दहा वर्षांच्या नातीचे केस मोजण्यासाठी मी शिवणकामाची टेप वापरते. गेल्या ज्येष्ठात मानेजवळची एक बट कोरडी असताना 9 सेंटिमीटर भरली, आणि तीच बट ओली करून बोटांनी हलकेच ओढून धरल्यावर 26 सेंटिमीटर भरली. उरलेले 17 सेंटिमीटर केस डोक्यावरच होते, फक्त वेटोळ्यांमध्ये आखडलेले होते. ही लांबी कोणतीही गरम वस्तू न लावता, फक्त दोऱ्याने, मोकळी करून देणारी एक सेवा बडोद्याच्या फतेहगंजमध्ये मिळते. गेले चौदा महिने मी तिथे नातीला नियमित नेत आहे, आणि बडोद्यात असे केस असलेल्या मुलांच्या घरच्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी सून युगांडाची आहे. तिकडच्या अनेक शाळांत मुलींनाही केस अगदी बारीक कापून ठेवावे लागतात, त्यामुळे सुनेच्या स्वतःच्या शाळकरी वयात वेणीफणीचा प्रश्न आलाच नव्हता. मुलगा, सून आणि नात तीन वर्षांपूर्वी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी राहायला आले, वर्गातल्या मुलींच्या वेण्या पाहून नातीने केस वाढवायचे ठरवले, आणि पुढे सून नोकरीसाठी कंपालाला परत गेल्यावर ते केस माझ्या हाती आले. मी तीन मुलींच्या वेण्या घातलेली बाई आहे. कोरड्या केसांवर खोबरेल चोपडायचे, मुळापासून खाली फणी ओढायची आणि गुंता सुटेपर्यंत ओढत राहायची, एवढेच मला ठाऊक होते. नात रडायची, फणीचे दात तुटायचे, आणि फणीत अडकून आलेल्या केसांचा पुंजका पाहून मला अपराधी वाटायचे.

मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला मी तिला शहरातल्या एका मोठ्या सलूनमध्ये नेले. तिथे केसांना इस्त्री केली गेली. त्या दिवशी केस खांद्याच्या खाली आले आणि घरी सगळ्यांना आनंद झाला. पण दोन वेळा न्हाऊ घातल्यावर बाकीचे केस पुन्हा वेटोळे झाले आणि उजव्या कानामागची दोन बोटे रुंदीची एक बट सरळच राहिली. ती आजतागायत वळलेली नाही. केसातले केराटीन हे प्रथिन अति उष्णतेने एकदा बिघडले की तेल, लेप, काही लावून ते पूर्ववत होत नाही; तो भाग वाढू देऊन हळूहळू कापून टाकणे एवढाच उपाय राहतो. तेव्हापासून आमच्या घरात तिच्या केसांना गरम यंत्र लागलेले नाही.

गुजरातेला हे केस परके आहेत असेही म्हणता येत नाही. गीरमधील जांबुर, भरूच जिल्ह्यातील रतनपोर अशा गावांत मूळचा आफ्रिकेतला सिद्दी समाज पिढ्यान्पिढ्या राहतो, आणि मराठी माणसाला तर जंजिऱ्याच्या सिद्दींचे नाव शाळेपासून माहीत असते. असे असूनही मी विचारणा केलेल्या सातही सलूनांत केस सरळ करण्याव्यतिरिक्त दुसरी वाट कोणी दाखवली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता मूळ विषय. ही सेवा देणारी बाई नायजेरियातल्या लागोसकडची, योरुबा समाजाची आहे, लग्न होऊन बडोद्यात स्थायिक झाली आहे, आणि गुजराती मिसळलेल्या हिंदीत बोलते. मला ती ‘बा’ म्हणते. घरातल्याच एका खोलीत काम चालते. बाहेर पाटी नाही, ओळखीतून ओळख होते. ती जे करते त्याला तिच्या भाषेत ‘इरून कीको’ म्हणतात, म्हणजे दोऱ्याने केस गुंडाळणे. माझी आई पेडाच्या शेवटी आगवळ, म्हणजे वेणी बांधायचा दोरा, गुंफायची, त्यामुळे केस आणि दोरा एकत्र पाहून मला पहिल्याच दिवशी आपलेपणा वाटला. अर्थात आगवळ वेणीच्या टोकाला असते, आणि हा दोरा बटेच्या मुळापासून टोकापर्यंत जातो. कलाशाखेच्या ग्रंथालयात नोकरी करत असताना ओजेइकेरे या नायजेरियन छायाचित्रकाराची प्रकाशचित्रे मी पाहिली होती. 1968 पासून पुढे अनेक वर्षे त्यांनी आपल्या देशातील बायकांच्या केशरचना, बहुतेक वेळा पाठमोऱ्या, टिपल्या. त्यांतल्या दोऱ्याने उभ्या केलेल्या रचना मला त्या वेळी केवळ शिल्पासारख्या भासल्या होत्या; त्यांच्यामागची कारागिरी किती जिकिरीची आहे, हे मला आत्ता नातीशेजारच्या स्टुलावर बसून कळते आहे.

काम असे चालते. केस आधी सौम्य शांपूने धुऊन भरपूर कंडिशनर लावला जातो, आणि कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवला जातो. कंगवा टोकाकडून सुरू होतो आणि थोडा थोडा वर सरकतो. वरची बट दुसऱ्या हाताच्या चिमटीत घट्ट धरलेली असते, त्यामुळे ओढ डोक्याच्या कातडीपर्यंत पोहोचतच नाही. ही एक गोष्ट मला तीस वर्षांपूर्वी कळली असती तर माझ्या मुलीही कमी रडल्या असत्या. मग केस धुऊन जुन्या सुती बनियनने टिपून घेतात आणि दमट असतानाच भांग पाडून चौदा भाग करतात. प्रत्येक भागाच्या मुळाशी काळ्या सुती दोऱ्याचे चार-पाच वेढे जवळजवळ घेतले जातात, बट दुसऱ्या हाताने सरळ धरली जाते, आणि दोरा थोडे अंतर ठेवत टोकापर्यंत उतरतो. टोकाशी तो परत वर वळवून शेवटच्या वेढ्याखालून ओढून घेतात, गाठ मारत नाहीत, कारण गाठ कापताना केस कापले जाण्याची भीती असते. दोरा ओढला जाताना बारीकसा सरसर असा आवाज येतो, आणि फुगलेली बट पेन्सिलीएवढी होऊन तिच्या बोटांखालून बाहेर येते.

यामागचे शास्त्र साधे आहे. केस ओला झाला की त्यातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाला तात्पुरता आकार देणारे दुवे, सुटतात आणि वाळताना ज्या आकारात तो धरलेला असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून दमट केस ताणून बांधायचा आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत सोडायचा नाही. अर्धवट ओला सोडला तर सगळी मेहनत वाया जाते. पुन्हा पाणी लागले की ते बंध पुन्हा सुटतात आणि केस आपल्या मूळ वेटोळ्यांवर येतो. केसाचे कायमचे नुकसान न होता लांबी मोकळी होते ती यामुळेच. आमच्याकडे शनिवारी दुपारी दोरा बांधला जातो आणि रविवारी सकाळी सोडला जातो. सोडल्यावर त्याच मानेजवळच्या बटेची लांबी 21 सेंटिमीटर भरली. आणखी एक फायदा मला लांबीपेक्षाही मोठा वाटतो : ताणलेले केस एकमेकांत कमी अडकतात, टोकांना बारीक गाठी कमी पडतात, आणि पुढच्या न्हाणाच्या वेळी गुंता निम्म्या वेळात सुटतो.

आता उणिवा सांगते. पहिल्या खेपेला कानशिलाजवळचा दोरा फार घट्ट बांधला गेला होता. नात रात्री कुशीवर झोपू शकली नाही आणि सकाळी केसांच्या कडेला बारीक पुरळ दिसले. सततच्या ओढीने कडेचे केस मुळातून विरळ होतात आणि ते दीर्घकाळ चालले तर परत येत नाहीत, म्हणून मी ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली. बाईंनी मनाला लावून न घेता ऐकले, आणि त्यानंतर कडेच्या बटा सैल बांधल्या जातात. तरीही नव्याने जाणाऱ्यांनी हे आधीच सांगावे. मूल स्वतःहून बोलेल अशी वाट पाहू नये. दुसरी अडचण वेळेची. दोन तास सांगितले जातात आणि साडेतीन लागतात. खोलीत मुलांना वाचायला किंवा खेळायला काहीही नाही. तिसरी गोष्ट, गर्दी असली की ती दोऱ्याऐवजी लोकर वापरते. लोकर भराभर गुंडाळली जाते, पण तिचे तंतू केसांत अडकून राहतात आणि ते वेचायला मला दोन दिवस लागले. आता मी काळ्या दोऱ्याचे रीळ घरूनच नेते.

पावसाळ्याविषयी वेगळे सांगायला हवे. उन्हाळ्यात हा ताण आठवडाभर टिकतो. आषाढ-श्रावणात हवेतला दमटपणाच केस पुन्हा आखडायला पुरतो. तिसऱ्या दिवशी ती बट 15 सेंटिमीटरवर आली होती. त्या दोन महिन्यांत दोऱ्यासाठी पैसे खर्च करू नयेत असे माझे मत आहे. घरीच आठ-दहा सैल वेण्या घालाव्यात किंवा कापडाने मढवलेले रबर बटेवर अंतराअंतराने चढवावेत. वेण्यांनी मुळाजवळचा भाग फारसा ताणला जात नाही आणि केस लाटांसारखे दिसतात. रबरांनी ताण चांगला येतो, पण जिथे रबर बसते तिथे खळगा राहतो. साधे उघडे रबर मात्र कदापि लावू नये, ते काढताना केस तोडते.

झोपताना डोक्याला साटीनचे कापड बांधायला त्या बाईंनीच शिकवले. मंगळ बाजारातून मी अर्धा मीटर साटीन आणून त्याच्या दोन टोप्या शिवल्या. सुती उशीवर केस घासले जातात आणि उशी केसातला ओलावाही शोषून घेते. टोपी घातल्यापासून उशीवर तुटलेले केस दिसत नाहीत. खोबरेलाबद्दल मी थोडी दुखावलेल्या मनानेच विचारले होते, कारण आमच्या घरात त्याच्यावाचून न्हाणे होत नाही. तिचे म्हणणे असे की तेल चांगलेच आहे, परंतु ते ओलावा देत नाही, असलेला ओलावा धरून ठेवते, म्हणून आधी पाणी आणि मग तेल. वेटोळ्या केसांत डोक्याच्या कातडीचे नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरत नाही, त्यामुळे टोकांना वरून तेल हवेच. धुण्याआधी खोबरेल लावल्यास केसातली प्रथिने कमी झिजतात, असे मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी 2003 साली दाखवून दिले होते. माझी वाटी त्यामुळे कायम राहिली आहे. फक्त ती आता न्हाण्याच्या आदल्या रात्री निघते, आणि नंतर दोन थेंब टोकांपुरते लागतात.

पूर्ण डोक्याचे, न्हाऊ घालण्यासकट, 700 रुपये होतात. घरून केस धुऊन, गुंता काढून नेले तर 400. साडेतीन तास उभ्याने केलेल्या कामासाठी ही रक्कम मला कमी वाटते आणि तसे मी तिला सांगितलेही आहे. महिन्यातून दोनदा जाण्याची गरज नाही. एकदा पुरते, मधल्या आठवड्यांत मी घरी वेण्या घालते. माझे गुंडाळणे अजून तिच्यासारखे एकसारखे येत नाही, टोकाकडे दोरा सैल पडतो. मात्र नात आता आरशासमोर बसून पुढच्या चार बटा स्वतः बांधते आणि मागच्या माझ्याकडे ठेवते.

शनिवार-रविवारच्या वेळेसाठी बाईंकडे आठ-दहा दिवस आधी सांगावे लागते, आणि नवरात्राच्या आधीचे दोन आठवडे तर जागाच मिळत नाही. आम्ही घटस्थापनेच्या आदल्या शनिवारची वेळ श्रावणातच घेऊन ठेवली आहे. गरब्यासाठी केस ताणून मागे दोन पेड घालायचे आणि त्यांच्या टोकांना लाल आगवळ गुंफायची, असे नातीने ठरवले आहे. कानामागची सरळ बट त्या दिवशी पेडात झाकली जाईल, आणि तिची वाढ पाहता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती कापून टाकता येईल.