स्मोक व्हायझर: पारोळ्यापर्यंत पाच स्टार

मी वजनकाटे दुरुस्त करतो. राहायला धुळ्यात, गिऱ्हाईक पारोळा, एरंडोल, जळगाव या पट्ट्यात. जिनिंगवाले, आडते, किराणा दुकानदार. कापसाच्या हंगामात आठवड्यातले चार दिवस तरी सकाळी जळगावच्या दिशेने गाडी काढतो आणि संध्याकाळी परत येतो. जळगाव आमच्या पूर्वेला. म्हणजे सकाळी जाताना सूर्य तोंडावर आणि संध्याकाळी येतानाही तोंडावर. जळगावात राहून धुळ्याला ये-जा करणाऱ्याचं बरं, त्याच्या दोन्ही वेळा पाठीवर.

तर मागच्या वर्षी आग्रा रोडच्या बाजूच्या एका गल्लीत हेल्मेटला काळी काच, म्हणजे स्मोक व्हायझर, बसवून घेतली. बसवणुकीसह ४५० रुपये. दुकानात तीन प्रकार होते: पांढरी, स्मोक आणि ती आरशासारखी चमकणारी मर्क्युरी. मर्क्युरी कॉलेजच्या पोरांसाठी, आपलं वय नाही. मी विचारलं, रात्री चालेल का? दुकानदार म्हणाला, "चालते ना भाऊ, सगळे हीच नेतात."

दिवसाचं आधी सांगतो, कारण तिथे काच खरोखर कामाची आहे. चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, सावली अशी उरली नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या पुढे जातो तेव्हा डांबर पाण्यासारखं चमकतं आणि माणूस डोळे बारीक करून करून कपाळाला आठ्या घेऊन घरी येतो. काळी काच लावल्यापासून ते डोकं दुखणं गेलं. वर्षभरात काच पिवळी पडली नाही, बिजागरीही ढिली झाली नाही. धुताना मी फक्त पाणी आणि साबणाचा फेस वापरतो. पेट्रोलच्या फडक्याने पुसायचं नाही, काचेचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक त्याने खराब होतं. आधी पाण्याने धूळ भिजू द्यायची, कोरडं फडकं मारलं की ओरखडे आलेच.

आता जानेवारीतली गोष्ट. पारोळ्यात एका आडत्याचा काटा उशिरापर्यंत चालला, निघायला सहा वाजले. सूर्य दहा-पंधरा मिनिटांत बुडाला. समोर आभाळ अजून केशरी, उजळ. मुकटीच्या अलीकडे मी साठच्या वेगात होतो आणि मला रस्ता मोकळा दिसत होता. खरंच मोकळा. मग त्या मोकळ्या रस्त्यातून अचानक काड्या बाहेर आल्या. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि काड्या दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर. करड्या रस्त्यावर करडी पऱ्हाटी. ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, आणि डाव्या खांद्याला काड्या घासून गेल्या. जर्किन फाटलं, बाकी काही नाही. ट्रॅक्टरवाल्याने गाडी थांबवून उलट मलाच विचारलं, "तुले दिखस नही का, भो?"

भांडायला तोंड उघडलं आणि त्यासाठी काच वर केली. बघतो तर अजून चांगला उजेड होता! ट्रॉली, काड्या, पलीकडचं शेत, सगळं स्वच्छ. मला उत्तर मिळालं होतं, त्याला कशाला देऊ.

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर मोजलं. आमच्या धंद्यात मापाला वैधमापनचा शिक्का लागतो, आणि ही काच मी नुसत्या "चालते ना भाऊ"वर घेतली होती. मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप टाकलं, दुसऱ्या दिवशी फोन खिडकीत ठेवला. उघडा: ८२० लक्स. काळ्या काचेखाली: २३०. म्हणजे शंभरातला अठ्ठावीस उजेड आत, बाकी बाहेर. फोनचं माप काही प्रयोगशाळेचं नव्हे, पण इतका फरक असला तर किलोत दहा-वीस ग्रॅमची चूक कोण बघतो? वरून कोणी गॉगल लावला तर गुणाकार होतो. गॉगल वीस टक्के सोडणारा धरला तर डोळ्यापर्यंत पाच-सहा टक्के.

मोटारीच्या समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे असा आपल्याकडे नियम आहे, बाजूच्या काचांना ५०. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली ती त्याच्याच आधारावर. युरोपच्या हेल्मेट नियमाच्या आधीच्या आवृत्तीत, ईसीई २२.०५ मध्ये, ८० टक्क्यांखालच्या काचेवर "फक्त दिवसा" अशी खूण लागायची आणि ५० च्या खालची काच चालतच नसे. माझ्या काचेवर कसलीही खूण नाही. हेल्मेटवर आयएसआय आहे, तो २०२१ पासून सक्तीचाच आहे. पण काच मी नंतर सुटी घेतली, तिच्यावर नुसता कंपनीचा रंगीत स्टिकर.

फसवणूक होते ती अंधारात नव्हे, दिवेलागणीला. काळोख पडला की काळी काच कोणीही वर करतो. पण सूर्य बुडल्यापासून आपल्याकडे जेमतेम पंचवीस मिनिटांत अंधारतं, आणि डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यात समोरचं पश्चिमेचं आभाळ उजळ, त्यामुळे बाहुली लहानच राहते आणि रस्ता तेवढा विझत जातो. हळूहळू जातं ते लक्षात येत नाही. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १७ मीटर, एवढ्यात ट्रॉली येऊन ठेपते.

काच वर करून चालवा म्हणणाऱ्यांनी हंगामात एकदा पारोळा-फागणे करून बघावं. संध्याकाळी चिलटं डोळ्यात, जिनिंगजवळ कापसाचा तंतू, आणि मळणीचे दिवस असले तर भुसा. मी दोनदा केलं, दोनदा डोळा लाल.

रंग बदलणारा नंबरचा चष्माही घेतला. तो अतिनील किरणांवर काळा होतो, आणि पॉलिकार्बोनेटची काच ते किरण बरेचसे अडवते. त्यामुळे हेल्मेटमध्ये तो अर्धामुर्धाच काळा होतो. शिवाय अशा काचा उन्हाळ्यात, गरमीत, थंडीइतक्या गडद होत नाहीत. खानदेशात मे महिन्यात यासाठी जादा पैसे देणं म्हणजे शेवभाजीत तर्री नको म्हणण्यासारखं.

सगळ्यात स्वस्त उपाय एका ट्रकवाल्याने एरंडोलच्या धाब्यावर सांगितला. पांढऱ्या काचेच्या वरच्या कडेला बोटभर काळी इन्शुलेशन टेप. सूर्य खाली आला की मान किंचित झुकवायची, सूर्य पट्टीमागे जातो, रस्ता खालून उघडा. दहा रुपयांत काम झालं, फक्त पट्टी फार रुंद लावू नका, उंचावरचे फलक दिसेनासे होतात.

आता काळी काच उतरवून पांढरी लावली आहे, २८० रुपये. तिच्यातून ८२० पैकी ७३५. जुनी ओरखड्यांची पांढरीही ७०० दाखवत होती, म्हणून तीच ठेवावी असं वाटलं. पण समोरून ट्रक आला की तिच्यात दिव्याचा झाडू पसरायचा. काटा बरोबर आणि माल खराब, असंही असतं.

फेब्रुवारीत पांढऱ्या काचेच्या आत काळ्या काचेची छोटी पट्टी असलेलं हेल्मेट घेतलं, डाव्या बाजूच्या खटक्याने पट्टी खाली-वर होते. हातमोजा घालूनही अंगठ्याला सापडतो, एका झटक्यात दिवसाची संध्याकाळ. माझ्या नाकाला ती थोडी टेकते, चष्म्यावरही घासते. जुनी काळी काच मी विकली नाही, फेकलीही नाही, एप्रिलमध्ये दुपारी गावातल्या गावात लावतो.

नव्या हेल्मेटची तक्रार एवढीच: खटक्याची स्प्रिंग दोन महिन्यांत सैल झाली. पारोळ्याच्या स्पीडब्रेकरवर पट्टी आपोआप खाली येते, तीही नेमकी संध्याकाळी. दुकानदार म्हणतो स्प्रिंग सुटी मिळत नाही. जुन्या स्प्रिंगच्या काट्यातली एक स्प्रिंग कापून बसवली आहे, अजून तरी टिकली आहे.